ओटीपर्यंतचा जिना

ऑक्टोबर आला की मला भिंतींचा संशय येऊ लागतो. पावसात सगळ्याच भिंती ओल्या असतात, त्यामुळे कुणा एकीवर बोट ठेवता येत नाही. मग ऊन पडतं. वसईजवळ उमेळ्यात आमच्या बिल्डिंगमागे अजून शिल्लक राहिलेल्या दोन-चार खाचरांत भात कापायला येतं, पेंढ्याचा गोडसर, किंचित कुबट वास खिडकीतून घरात शिरतो आणि एकेक भिंत वाळायला लागते. जी वाळत नाही ती उघडी पडते. तिच्यावर क्षाराचा पांढरा लोणा फुलतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. सोसायट्यांचे फोन सुरू होतात. “मॅडम, टेरेसमधून पाणी येतंय.” मी म्हणते, येऊन बघते. टेरेसमधून येतंय यावर माझा विश्वास नसतो. पाणी जिथं दिसतं तिथून ते सहसा आलेलं नसतं, हे मला या गावाने शिकवलं.

अशा भिंती बघत हिंडताना दर वर्षी तो एक ऑक्टोबर आठवतो. मुंबईतली नोकरी सुटून मी घरी आले होते आणि सकाळी उठल्यावर आज कुठं जायचं नाही हे रोज नव्याने लक्षात येत होतं, तो ऑक्टोबर.

मुंबईतलं माझं ऑफिस मोठं होतं. तीनेकशे माणसं, काचेची दारं, प्रत्येक विभागाला वेगळा मजला. मी हॉस्पिटलच्या विभागात होते, आणि त्यातही फक्त ऑपरेशन थिएटर करत होते. नऊ वर्षं. वॉर्ड दुसरा कुणी करायचा, प्रवेशद्वार तिसरा, पार्किंग चौथा. माझ्याकडे एक चौकोन यायचा आणि त्या चौकोनात मला थिएटर बसवायचं असायचं. स्वच्छ वाट कुठली, वापरलेलं सामान बाहेर काढायची वाट कुठली, हात धुवायची जागा, हवा कुठून आत सोडायची आणि कुठून ओढायची, भिंतीचे कोपरे गोल कसे करायचे. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते. त्यामुळे आर्किटेक्ट होऊन नऊ वर्षं झाली तरी मी एकही खिडकी काढली नव्हती. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

ऑफिसात सगळे थिएटरला ओटी म्हणत. आई नातेवाइकांना सांगायची, “आमची मधुरा ओट्या काढते.” रत्नागिरीच्या मामांना वाटायचं, मी लोकांच्या घरापुढच्या ओट्या काढून देते. “आता कोण ओट्या बांधतं गो?” असं त्यांनी एकदा काळजीनं विचारलंही होतं.

मग आमचा सगळा विभाग ऑफिसने दुसऱ्या शहरात हलवला आणि ज्यांना तिकडं जाता येत नव्हतं त्यांना निरोप दिला. वडिलांचं बायपासचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मला जाता येत नव्हतं. वसईत नोकरी शोधायला निघाले तेव्हा कळलं, की इथं माझ्या कामाला नावच नाही. “नुसतं ऑपरेशन थिएटर? आणि बाकीचं?” एका ऑफिसात एकानं विचारलं. मी म्हटलं, बाकीचं इतर लोक करायचे. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी लपवते आहे.

शेवटी जेकब सरांनी ठेवून घेतलं.

जेकब सरांचं ऑफिस म्हणजे वटारला त्यांच्या घराला लागून असलेली एक लांब खोली. एका बाजूला केळीची बाग, दुसऱ्या बाजूला विहीर. पंप सुरू झाला की टेबलावरची पेन्सिल घरंगळायची. सर तेव्हा पासष्टीला आले होते. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी मोजपट्टी. त्यांच्याकडे काय काम नव्हतं? बंगला होता, गोठा होता, रस्त्याच्या कडेच्या क्रुसाभोवतीचा कठडा होता, लग्नाच्या हॉलचं स्टेज होतं, दोन भावांच्या वाटणीची भिंत होती, अर्नाळ्याला मासळी ठेवायची शेड होती. आलेल्या कुणालाही ते नाही म्हणत नसत. “बघू या की,” म्हणायचे आणि स्कूटर काढायचे.

मला त्यांचा संशय यायचा. जो माणूस सकाळी गोठा काढतो आणि दुपारी बंगला, त्याला दोन्हीतलं किती कळत असेल? माझ्या नऊ वर्षांत मी गोल कोपऱ्यासाठी तीन-तीन आठवडे घालवले होते. हे अर्ध्या तासात पेन्सिलीनं कागदावर काहीतरी ओढायचे आणि म्हणायचे, “हे जरा कॉम्प्युटरवर घे.” मी घ्यायचे आणि मनात चुका मोजायचे. त्यांनाही माझा संशय येत असणार. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका घराचा जिना काढायला दिला आणि मी दोन दिवस घेतले. सरांनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. “बरोबर आहे,” म्हणाले. पण म्हणण्याआधी त्यांनी पायऱ्या मोजल्या होत्या. बोटानं, एकेक.

त्याच महिन्यात डॉक्टर शुभांगी आल्या. नालासोपाऱ्याला त्यांचा दवाखाना होता, तळमजला आणि वर दोन मजले अशा एका जुन्या इमारतीत, खाली, रस्त्याच्या तोंडाशी. शेजारी एक वाण्याचं दुकान, एक शिंप्याचं. वरचे दोन्ही मजले आता डॉक्टरांनी घेतले होते. तिथं प्रसूतिगृह काढायचं होतं. “आमच्या भागातल्या बायका अडल्या, की रिक्षातून लांबच्या हॉस्पिटलला न्याव्या लागतात,” त्या म्हणाल्या. “एक रस्त्यातच गेली. माझ्याकडे आली होती, माझ्याकडे थिएटर नव्हतं.” हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात बदलला नाही. त्यामुळेच मी त्या वाक्याला घाबरले.

सरांनी माझ्याकडे पाहून त्यांना सांगितलं, “मधुरा यातली स्पेशालिस्ट आहे.” मला बरं वाटलं. लगेच शंका आली, की हे कौतुक आहे की हात झटकणं?

आम्ही जागा बघायला गेलो. मी तडक वर गेले, खोल्या मोजल्या, कुठं काय बसेल हे डोळ्यांपुढे यायला लागलं. अर्ध्या तासानं खाली वाकून पाहिलं तर सर शिंप्याच्या दुकानात बसून चहा पीत होते. मला रागच आला. मी खाली आले तेव्हा ते विचारत होते, “मास्टर, ही मशीन अशी फळीवर का चढवलीय?”

“पानी आता है ना, सर,” मास्टर म्हणाले. “बारिश में यहाँ तक.” त्यांनी गुडघ्याच्या वर हात लावून दाखवला.

सर वाण्याकडे गेले. त्याच्या दुकानात खालचे दोन खण रिकामे होते. मग ते बाहेर येऊन कंपाउंडच्या भिंतीवरची मळकट रेघ बघत उभे राहिले. ऑक्टोबरचं ऊन कपाळ भाजत होतं, रस्ता फुफाट्यानं भरला होता. पाण्याचं नाव नव्हतं आणि हा माणूस पाणी शोधत होता.

परत जाताना म्हणाले, “थिएटर पहिल्या मजल्यावर घेऊ. तळमजल्यावर पाणी येणार. दुसरा मजला फार वर. एक मजला स्ट्रेचर चढवता येतं, दोन नाही चढवत कुणी.”

मी म्हटलं, “सर, पहिल्या मजल्यावर घेतलं तर वर वॉर्ड येईल. वॉर्डाचे संडास बरोबर थिएटरवर येतात. थिएटरवर संडास कधीच नसतो.”

“फॉल्स सीलिंग टाकू की.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. उघड्या पोटावर संडासाची पाइपलाइन, आणि मध्ये प्लास्टरची पातळ फळी! मी म्हटलं, थिएटर दुसऱ्या मजल्यावरच हवं, वर फक्त गच्ची. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करता येतं. आणि डॉक्टर लिफ्ट बसवणारच आहेत. सर स्कूटर लावताना म्हणाले, “दोन्ही काढ. बघू या की.”

मी दोन्ही काढले. माझा मन लावून, त्यांचा नाइलाजानं. माझा नकाशा इतका सुरेख झाला होता, की मी तो घरी आणून आईला दाखवला. आई म्हणाली, “छान आहे. खिडकी कुठाय?”

पण सरांची ती पाण्याची रेघ डोक्यातून जाईना. हा माणूस शिंप्याच्या शब्दावर इमारत ठरवतो म्हणजे काय? एका रविवारी सकाळी कुणाला न सांगता मी स्कूटी काढून नालासोपाऱ्याला गेले आणि ती रेघ टेपनं मोजली. जोत्यापासून, रस्त्यापासून, तीन ठिकाणी. तिन्हीकडे सारखीच आली. सर म्हणत होते त्याहून बोटभर जास्तच. सर बरोबर निघाले याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं.

शिंपीमास्टर दुकान उघडत होते. म्हणाले, “मॅडम, आप भी? सर कल आये थे. अकेले. पीछे का डक्ट नाप रहे थे.”

शनिवारी सरांनी मला सांगितलं होतं, की ते अर्नाळ्याला शेडच्या कामावर जातायत. इमारतीमागच्या त्या उभ्या पोकळीत, डक्टमध्ये, लिफ्ट येणार होती. ती माझ्या नकाशात होती, त्यांच्या नव्हे. मग त्यांनी तो डक्ट चोरून का मोजावा? घरी येईपर्यंत मी निरनिराळी उत्तरं रचली. एकही चांगलं नव्हतं.

दोन दिवसांनी मुंबईहून माझ्या जुन्या विभागप्रमुखांचा फोन आला. ते आता स्वतःचं वेगळं ऑफिस काढत होते. “मधुरा, तुझी ड्रॉइंग्ज पाहिली. क्लीन! एक रेघ बदलायची नाही.”

“कुठली ड्रॉइंग्ज, सर?”

“ती मॅटर्निटीची. तुमच्या त्या जेकबसाहेबांनी पाठवली ना. चेक करून द्या म्हणाले.” मग हसून म्हणाले, “तू तिथं गोठे काढत बसणारेस का? माझ्याकडे ये. फक्त ओटी. दुसरीकडे बघायचंसुद्धा नाही तुला.”

मी फोन ठेवला. एक रेघ बदलायची नाही, हे वाक्य नऊ वर्षांत त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. पण ते कानात टिकलंच नाही. टिकलं ते हे, की जेकब सरांनी माझं काम माझ्यापाठी दुसऱ्याला दाखवलं. आणि दाखवलं कुणाला, तर ज्यांच्याकडून मी आले त्यांना.

मग दिवाळी आली. आमच्या बिल्डिंगीत कंदील लागले, आईनं चकल्या तळल्या. मी सरांकडे डबा घेऊन गेले, हसले, त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे नकाशे उचलून मला बसायला जागा केली. चार दिवस आम्ही एकमेकांशी फार गोड बोललो. संशय असला की माणसं किती सभ्य होतात!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वटारला मृतांच्या दिवसाची तयारी चालू असते. घरोघरची माणसं कबरस्तानात जाऊन गवत काढतात, क्रूस धुतात, कबरीला चुना लावतात. त्या दुपारी सर ऑफिसात नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं तिकडं मी गेले. झेंडूच्या ढिगाऱ्यांतून आणि चुन्याच्या बादल्यांतून वाट काढत पोचले. सर वडिलांच्या कबरीपाशी उकिडवे बसून ब्रश फिरवत होते. मी गुडघे टेकून शेजारी बसले आणि विचारायचं ठरवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, “सर, तुम्ही माझी ड्रॉइंग्ज मुंबईला पाठवलीत.”

ब्रश थांबला नाही. “हो.”

“माझ्यावर विश्वास नव्हता?”

त्यांनी कबरीची कड नीट पुरी केली. मग ब्रश बादलीत उभा केला.

“मी आयुष्यात दोन थिएटरं केली, मधुरा. दोन्ही मोतीबिंदूची. तुझा नकाशा माझ्यापुढे आला तेव्हा मला त्यातलं अर्धं कळलं नाही. बरोबर असेल तर बरोबर, चूक असेल तर चूक, मला ओळखताच येईना. आणि खाली सही माझी जाणार. कुणाला विचारू?”

“मला विचारायचं.”

“लाज वाटली,” ते म्हणाले.

शेजारच्या कबरीवर एक बाई मेणबत्त्यांचं जुनं मेण खरवडत होती. तिच्या सुरीचा आवाज येत राहिला. चाळीस वर्षं ज्यानं या पट्ट्यात कुणाला नाही म्हटलं नाही, तो माणूस माझ्यापुढे हातावरचा चुना पुसत बसला होता. मी सांगून टाकलं, “मीपण रविवारी जाऊन तुमची पाण्याची रेघ मोजली.”

“ठाऊक आहे. मास्टरनं फोन केला होता.” ते किंचित हसले. “किती आली?”

मी सांगितलं. डक्टबद्दल मात्र मी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही. एका बैठकीत माणूस केवढं उघड करणार!

पुढच्या आठवड्यात नालासोपाऱ्याला बैठक झाली. पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत, रंगाऱ्यांच्या उलट्या डब्यांवर बसून. डॉक्टर होत्या, सर होते, मी होते आणि हिराबाई होत्या. हिराबाई पाचूबंदरच्या. घरची मासेमारी. त्या मात्र पंचवीस वर्षं डॉक्टरांकडे आणि त्याआधी दुसऱ्या दवाखान्यांत बाळंतपणं करत आलेल्या. ठेंगण्या, भक्कम, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्या खिडकीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या. मी माझा नकाशा उलगडला आणि बोलू लागले. स्वच्छ वाट, दुसरी वाट, हवा, कोपरे. बोलता बोलता मला माझा जुना आवाज सापडत गेला. डॉक्टर मान हलवत होत्या.

मी थांबल्यावर सर म्हणाले, “डक्टमध्ये चार माणसांची लिफ्ट बसेल. उभ्या माणसांची. स्ट्रेचर जाणार नाही.”

माझे कान तापले. “सर, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“मोजल्यापासून.”

“आणि तुम्ही मला आत्ता, सगळ्यांसमोर सांगताय?”

“तू लिफ्ट काढलीस, मला वाटलं मोजूनच काढली असशील,” सर म्हणाले. “मग आपला मला संशय आला. मोजला. पण सांगायचं कसं? तू स्पेशालिस्ट.” हा शब्द त्यांनी टोचून म्हटला नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त लागला.

खरं तर मी लिफ्ट मोजलीच नव्हती. नऊ वर्षांत मला लिफ्ट नेहमी आयती मिळाली होती. माझं काम थिएटरच्या दारापाशी सुरू व्हायचं. पेशंट त्या दारापर्यंत कसा येतो हे दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर असायचं. आणि मुंबईहून ज्यांनी एक रेघ बदलायची नाही असं सांगितलं, त्यांनीही फक्त तो चौकोनच पाहिला होता.

“मंग बाईला जिन्यानंच न्यायची ना?” हिराबाई खिडकीपासून म्हणाल्या. “चला, नेऊन बघू.”

“कुणाला?” डॉक्टरांनी विचारलं.

हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “बाय, तू झोप.”

आम्ही सगळे खाली दवाखान्यात उतरलो, तिथं कापडाचं जुनं स्ट्रेचर होतं. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण हिराबाईंनी तोवर ते जमिनीवर पसरलंही होतं. मी आडवी झाले. त्यांनी माझीच ओढणी माझ्या छातीवरून गुंडाळून बांधली. “पोटात बाळ हाय असं समज. आनि हलू नको.” दोन रंगारी, शिंपीमास्टर आणि दवाखान्यातला कंपाउंडर यांनी चार दांडे उचलले.

मी आयुष्यात कधी झोपून इमारत पाहिली नव्हती. नकाशावर आपण कायम वर असतो, सगळं खाली दिसतं. इथं सगळं माझ्या वर होतं. मीटरच्या पेट्या, लोंबणाऱ्या वायरी, पायऱ्यांची खालची काळवंडलेली बाजू, माणसांच्या हनुवट्या. पहिल्या वळणावर पुढची दोघं अडली. “थोडा टेढा करो,” कुणीतरी म्हणालं. स्ट्रेचर तिरकं झालं, माझं डोकं खाली गेलं आणि पाय वर. सगळं रक्त कपाळात उतरलं. मी हात पोटावर घट्ट धरले. ते मी ठरवून केलं नव्हतं, हात आपोआप गेले. कठड्याला माझं कोपर घासलं. मास्टरांचा श्वास फुलला होता. “रुको, रुको, हाथ छूट रहा है.” त्या क्षणी मी खरोखर घाबरले. नऊ वर्षांत मी किती बायकांसाठी थिएटरं काढली होती, आणि त्या तिथवर येताना काय बघत असतील, हा विचार मला शिवलाही नव्हता.

“दुसऱ्या माळ्यावर न्यायची का अजून?” हिराबाईंनी खालून विचारलं.

“नको,” मी म्हटलं.

त्यांनी मला पहिल्या मजल्यावर मागच्या खोलीत नेऊन ठेवलं. सरांच्या नकाशात थिएटर इथंच होतं. ओढणी सोडायला हिराबाई येईपर्यंत मी तशीच पडून होते, छताकडे बघत. बरोबर माझ्या पोटाच्या वर, स्लॅबवर एक तपकिरी वर्तुळ होतं. भाकरीएवढं. त्याच्या मधोमध एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. वरच्या फ्लॅटचा संडास. उभ्या माणसाला ते दिसत नव्हतं, कारण उभा माणूस वर कशाला बघेल? सरांनी ही खोली तीनदा मोजली होती.

मी उठून बसले. “सर,” मी म्हटलं, “आता तुम्ही झोपा.”

डॉक्टर काहीतरी म्हणणार होत्या. सरांनी हात करून त्यांना थांबवलं. चपला काढल्या, मोजपट्टी खिशातून काढून बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर हात देत सावकाश स्ट्रेचरवर आडवे झाले. पासष्टीचा तो लांबलचक माणूस. पाय बाहेर आले. ते वर बघत राहिले. रस्त्यावर कुणी पावभाजीची गाडी लावत होतं, तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज येत होता. तो थेंब आमच्या डोळ्यांदेखत पडला. सरांच्या शर्टावर, तिसऱ्या बटणापाशी.

त्यांनी तो पुसला नाही. “वरचे संडास बंद कर,” ते पडल्या पडल्याच म्हणाले. “सगळे. ही बाजूच नको.”

त्या दुपारी आमचे दोन्ही नकाशे रद्द झाले. नवा नकाशा काढायला आम्हाला तीन आठवडे लागले. एका टेबलावर, एका कागदावर, आणि जवळजवळ प्रत्येक रेघेवर भांडत. थिएटर पहिल्या मजल्यावर, पण रस्त्याच्या बाजूला आलं, जिथं वर फक्त बाळंतिणींच्या खोल्या होत्या, एकही नळ नव्हता. लिफ्टसाठी डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना दिला. ती रस्त्यावरची जागा, जिथं त्यांची पाटी होती, ती गेली. त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसू लागल्या. “मला काय, मी दिवसभर पेशंटच बघते, रस्ता कुठं बघते?” म्हणाल्या. पण पाटी उतरवताना त्या बाहेर आल्या नाहीत. लिफ्टपुढचं जोतं आम्ही पाण्याच्या रेघेच्या वीतभर वर उचललं आणि तिथवर उतार घेतला. उताराचा चढ किती ठेवायचा यावर माझं आणि सरांचं जमेना, तेव्हा हिराबाईंना बोलावून रिकामं स्ट्रेचर ढकलायला लावलं.

मुंबईच्या सरांना मी नकार कळवला. का, ते मला नीट सांगता येत नाही. सगळ्यांतलं थोडं थोडं येणं चांगलं, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. त्या स्ट्रेचरवर जेकब सरांना झोपवलं नसतं तर त्यांनी पाइपाखाली थिएटर बांधलं असतं आणि फॉल्स सीलिंगनं ते झाकलंही असतं. आणि मी तर पोचताच येणार नाही अशा ठिकाणी निर्दोष थिएटर बांधलं असतं. आता मी गोठे काढते, वाटणीच्या भिंती काढते, शेड काढते. आजूबाजूचे आर्किटेक्ट त्यांच्या हॉस्पिटलांची थिएटरं माझ्याकडे पाठवतात, तीही करते. पण आधी जिना बघायला जाते, खाली दुकान असेल तर तिथं चहा पिते, आणि कुणी बघत नाही असं पाहून एखाद्या रिकाम्या खोलीत जमिनीवर आडवी होते. कपडे मळतात. सवय झाली आहे. स्वतःला सगळं येतं असं वाटू लागलं, की मला स्वतःचाच जास्त संशय येतो. एवढ्याच गोष्टीची मला खात्री आहे.

प्रसूतिगृह पुढच्या वर्षी सुरू झालं. उद्घाटनाला जेकब सर पांढरा शर्ट घालून आले, फीत कापल्यावर सगळे पेढे घेत होते तेव्हा ते तळमजल्यावर वाण्याशी बोलत उभे होते. त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास, मला हिराबाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नसत.

“बाय, पोचली.”

“कोण?”

“पहिली सिझरवाली. वालीवकडून रिक्षातनं आनली. दारातनं टेबलापर्यंत सरळ गेली बघ. एकदा पन तिरकी नाय झाली.”

मग मी विचारलं, “आणि बाळ?”

“रडतंय ना. थांब, ऐकवते.”

त्यांनी फोन पुढे केला असावा. बाळाचं रडणं आलं, बारीक, चिडलेलं, अखंड. मी डोळे मिटून ऐकत होते. मग त्या रडण्याच्या मागे मला दुसरा आवाज ऐकू आला. पाणी. एकसारखं, कुठंतरी पडणारं.

“हिराबाई, ते पाणी कुठलं वाजतंय?”

“कुठलं पानी?”

“मागे. पडतंय कुठंतरी. छताकडे बघा जरा.”

“अगो बाय, हात धुवायचा नळ चालू हाय,” त्या हसून म्हणाल्या आणि नळ बंद केला. आता नुसतं रडणं उरलं. ते बराच वेळ येत राहिलं.

मी फोन ठेवला. आईला सांगितलं, तिनं देवापुढे साखर ठेवली. सगळं बरोबर होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटी काढली, नालासोपाऱ्याला गेले, पायांवर आवरणं चढवून आत गेले आणि मान वर करून छताचा कोपरान् कोपरा पाहिला. कोरडा होता. दारातून बाहेर पडताना जिन्यावर जेकब सर भेटले. ते वर चालले होते.

“काय गं, तू इथं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “बाळ बघायला.”

“मीपण,” ते म्हणाले आणि खिशातली मोजपट्टी तळव्याखाली झाकून वर गेले.